आंबट सर आणि लिंबाची फोड

सरांच्या शर्टाच्या खिशात एखादे वेळी पेन नसेल, पण निळ्या लिटमस कागदाच्या पट्ट्या असायच्याच. लग्नाच्या पंगतीत बसले की आधी मठ्ठ्यात पट्टी बुडवणार, ती गुलाबी झाली की शेजारच्याला दाखवणार आणि मगच वाटी तोंडाला लावणार. पंचवटीतल्या शाळेत विज्ञान शिकवणारे हे आमचे शेजारी. मुलांनी त्यांचं नाव आंबट सर ठेवलं होतं, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

सातपूरच्या कारखान्यांमागे आमची वसाहत, आणि वसाहतीच्या मधोमध उघड्या चौथऱ्यावर बुद्धांची संगमरवरी मूर्ती. सगळ्यांनी वर्गणी काढून बसवलेली. नव्वदच्या दशकात जवळच्या एका कारखान्याच्या भट्ट्या वाढल्या आणि काही वर्षांत मूर्तीचं नाक, ओठ झिजू लागले. गालांवर काळे ओघळ आले. लोक म्हणाले, दगड हलका दिला. सर म्हणाले, "दगड चांगला आहे, पाऊस बिघडलाय."

मग ते भेटेल त्याला समजावत बसायचे. "वहिनी, तांब्याचा हंडा चिंचेने घासता ना? चिंच काय करते?"

"मळ खाते."

"तसा हा पाऊस संगमरवर खातो. पाऊस मुळातच जरासा आंबट असतो. त्यात भट्टीतल्या गंधकाचा धूर मिसळला की त्याला दात फुटतात."

उपाय विचारला की ठरलेलं उत्तर, "त्या धुराला अंघोळ घाला." म्हणजे धूर चुनखडीच्या पाण्यातून धुऊन मगच धुराड्यात सोडायचा. इतकी साधी गोष्ट. पण वसाहतीतल्या निम्म्या घरांतली माणसं त्याच कारखान्यात कामाला. "सर, धुराडं थांबलं तर आमची चूल थांबंल, त्याचं काय?" असं त्यांना तोंडावर ऐकवायचे. कारखाना बंद करा असं सर कधीच म्हणाले नव्हते, पण ऐकतो कोण? मला त्याची अजून चीड येते.

प्रदूषण तपासणाऱ्या सरकारी कचेरीचे उंबरे सरांनी झिजवून झाल्यावर शेवटी एक साहेब मूर्ती पाहायला येणार असं ठरलं. सरांनी घरोघर बजावलं, मूर्तीला हात लावू नका, आहे तशी दिसू द्या. पण पाहुणा येणार म्हटल्यावर आमच्या बायांना चैन पडतं होय? साहेब यायच्या सकाळी माझ्या आईसकट सगळ्या जमल्या. "साहेबांनी काय असं काळं तोंड बघायचं का तथागतांचं?" म्हणत त्यांनी लिंबाच्या फोडींना मीठ लावलं आणि घरचं तांबं-पितळ उजळावं तसा तो चेहरा घासून काढला.

साहेबांनी चौथऱ्यावर राहिलेली एक फोड उचलली, वास घेतला आणि हसले. "गुरुजी, झीज कशाने झाली ते इथेच पडलंय की." अहवालातही तेच लिहिलं.

आईला जेवण जाईना. सर घरी आले आणि म्हणाले, "ताई, तुमचं लिंबू एका सकाळचं. धूर किती वर्षांचा?" तिला लागेल असं ते एकदाही बोलले नाहीत. मला वाटायचं, या माणसाने आदळआपट करावी, चार शिव्या तरी द्याव्यात. ते आपले पुन्हा नवा अर्ज लिहायला बसले.

पुढे कारखान्याने मोठ्या मनाने नवी मूर्ती दिली. भाषणं झाली, मॅनेजरच्या गळ्यात हार पडले. मागून सर उठले. "धुराचं काय ठरलं?"

"सर, आज नको ना," म्हणत कुणीतरी त्यांचा हात ओढून त्यांना खाली बसवलं. जुनी मूर्ती त्यांनी मागून घेतली आणि आपल्या अंगणात पत्र्याखाली ठेवली. अर्जांना उत्तरं आली नाहीत. दोन हजार सालानंतर एका हिवाळ्यात सर गेले.

त्यानंतरच्या एका बुद्धपौर्णिमेला आई नवी मूर्ती पुसत होती, नुसत्या पाण्याने. लिंबाची फोड त्या चौथऱ्याजवळ पुन्हा कुणी नेली नव्हती. पुसता पुसता तिचा हात थांबला. नाकाचा शेंडा बोथट झाला होता आणि ओल्या फडक्याला पांढरी भुकटी लागली होती.

"जा, सरांना सांगून ये," ती म्हणाली, आणि मग फडकं हातात घेऊन तिथेच चौथऱ्यावर बसून राहिली.