चिंचेखालचा गाळ

जुने गाव भूकंपात गेले आणि उरलेल्या माणसांसाठी नवे गाव माळावर वसले. तळे मात्र होते तिथेच राहिले. तळे काही गाडीत घालून नेता येत नाही. त्याच्या काठी पत्र्याचे खोपट घालून जी एकटी बाई मागे राहिली, ती सरजाबाई भोईण. नव्या गावात तिच्याही नावाचे घर होते. सणावारी ती तिथे दिवा लावून येई, एवढेच. भूकंपाच्या पहाटे तिचा नवरा पंढरी तापाने फणफणला होता, म्हणून त्याच्याऐवजी जाळे काढायला ती तळ्यावर आली होती. मागे वळून पाहिले तेव्हा गावाच्या जागी धुळीचा लोट उभा होता. माळवदाच्या मातीखाली पंढरी गेला, त्याच्या कुशीत निजलेली तान्ही लेक गेली. जाळ्यातले मासे कुणी सोडले, हे तिला पुढे कधीच आठवले नाही.

त्या दिवसांत पाऊस लागून होता आणि लाकूड पुरत नव्हते. पडलेल्या घरांची दारे, तुळया, पाळणेसुद्धा चितांवर गेले. कोण कुणाचे, कुणाला जाळायचे आणि कुणाला पुरायचे, हे विचारण्याइतके बळ कुणातच उरले नव्हते. राख टोपल्यांनी उचलून तळ्याच्या दक्षिण कोपऱ्यात, चिंचेखाली सोडली. पुढे ढिगारे सारताना माळवदांची मातीही तिथेच लोटली गेली.

तेव्हापासून गावाने त्या तळ्याचा मासा खाल्ला नाही. तसा ठराव कुणी केला नव्हता. एका घराने माशांची पाटी परत पाठवली, मग दुसऱ्याने. सरजाबाई लातूरच्या वाटेला लागली. तिथे शिकवण्यांचे पेव फुटले होते. गल्लोगल्ली वसतिगृहे आणि खाणावळी निघाल्या होत्या आणि डॉक्टर व्हायला परभणी-हिंगोलीकडून आलेली पोरे रविवारी मासा मागत. त्यांना तळे ठाऊक नव्हते. त्यांना ते ठाऊक नव्हते म्हणूनच आपली चूल पेटते, हे सरजाबाई ओळखून होती. एखाद्याने मासा कुठला म्हणून विचारलेच, तर 'पाण्यातला' म्हणून ती हसण्यावारी नेई.

चिंचेखाली तिने कधी जाळे टाकले नाही की विळा लावला नाही. ती जागा उथळ. उथळ पाण्यात पाणकणसाचे गवत माजते, आणि एकदा माजले की मुळांनी आणि उडत्या कापसाने साऱ्या तळ्यावर चालून येते. बाकीचे तळे ती दर उन्हाळ्यात साफ करी आणि पावसाळा सरला की चिंचेकडून ते पुन्हा भरत येई. कुजलेले गवत तळाशी बसे, गाळ चढे. गेल्या वैशाखात पाणी गुडघ्यावर आले, काळे पडले, आणि एका सकाळी रोहू पांढरी पोटे वर करून काठाला लागले. खाणावळवाल्याने बजावले : पुन्हा असे झाले तर तो आंध्रातून बर्फात येणारा मासा घेईल.

यंदा गाळ उपसायला सरकारी यंत्र आले. गाळ शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात न्यायचा, तळे आपोआप खोल व्हायचे. मधला भाग मोकळा झाला. यंत्र चालवणारा औशाचा शारिक कोपऱ्याकडे सरकला, तसा मलप्पा येऊन चिंचेखाली बसला. मलप्पा गावातला जुना लिंगायत शेतकरी. त्याचे सगळे घर त्या पहाटे गेले होते, आणि त्यानंतर तळ्याच्या काठी तो प्रथमच दिसत होता. शारिकने यंत्र बंद करून सरजाबाईला हाक मारली.

'अप्पा, उन्हाचं कशाला बसलाव?' ती म्हणाली.

'हितं खोदायचं न्हाई.'

'एवढा कोपरा ठिवला तर गवत फिरून येतंय. मासा मरून राहिला माझा.'

मलप्पा पाण्याकडे पाहत राहिला. लिंगायतांत मेलेल्याला बसवून माती देतात, जाळत नाहीत. हे सरजाबाईला माहीत होते, पण इतक्या वर्षांत ते कधी तिच्या मनात आले नव्हते.

'आमची माणसं जाळायची नव्हती, सरजा. मातीत बसवायची होती. जाळली. आता त्यास्नी जी काय माती मिळाली ती हीच. ती बी कुणाच्या तुरीत नेऊन टाकू?'

सरजाबाई थोड्या अंतरावर टेकली. मग तिने सुचवले ते असे : ही माती शेतात नकोच, लिंगायतांच्या रुद्रभूमीत, त्यांच्या दफनाच्या जागेत, न्यावी. तिथे खड्डा घ्यावा, हवी ती क्रिया करावी.

'माझी बी दोघं हायेत त्यात,' ती म्हणाली. 'त्यायला बी कुठं तरी निजू द्या.'

'हाव,' मलप्पा म्हणाला, आणि पंच्याने डोळे पुसत उठला.

संध्याकाळी लिंगायतांच्या मठात बैठक बसली. वाकडे कुणी बोलले नाही. पुष्कळांचे डोळे ओले होते. तरी फिरून फिरून बोलणे एकाच ठिकाणी येई : त्या मातीत आपली आहेत तशी दुसऱ्यांचीही आहेत. रुद्रभूमी लिंग धारण केलेल्यांची. आज ही माती घेतली तर उद्या नाही कुणाला म्हणायचे? आहे तिथेच राहू द्यावी. सगळ्यांनी मलप्पाकडे पाहिले. तो काठीची मूठ चोळत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

पायरीशी उभी असलेली सरजाबाई आवाज न चढवता म्हणाली, 'जाळताना कुणी इचारलं न्हाई.'

दुसऱ्या दिवशी शारिक यंत्रावर बसूनच होता. मासेमारीचा ठेका तिचा, तळ्यावर हक्क तिचा. ती हो म्हणती तर कोपरा दुपारपर्यंत रिकामा झाला असता. पण भरलेली गाडी कुठे पाठवायची, कुणाच्या बांधावर लेकीला उतरवायचे?

'मावशी, फुडल्या साली मशीन येईल न येईल.'

'ऱ्हाऊ दे, बाबा. ने तुझं मशीन.'

पावसाळ्यात तळे भरले, मध्यभागी काळेभोर, खोल झाले. दसरा गेला आणि चिंचेकडून पाणकणीस हात पसरू लागले. सरजाबाई छातीइतक्या पाण्यात उभी राहून त्याची कड कापू लागली. आता हे रोजचेच होते. एका सकाळी मलप्पा काठावर आला. कधी मासा न शिवलेला हा माणूस वाकून, तिने फेकलेल्या ओल्या पेंढ्या वर ओढू लागला.

तिने आणखी एक पेंढी त्याच्याकडे फेकली. मग म्हणाली, 'हाताला माशाचा वास लागंल, अप्पा. मठात घेणार न्हाईत तुमाला.'

पुढच्या पेंढीसाठी मलप्पा हात पुढे करून उभा राहिला. पण विळा चिंचेच्या सावलीला टेकला होता, आणि तिथून पुढे सरजाबाई जात नसे.