हवालदारांचा ‘स्किफोसो’

आमचे हवालदार एक शब्द असा उच्चारत, की तो शब्द आहे की थुंकी, हे नव्या माणसाला कळत नसे. “स्किफोसो!” महायुद्धात वाळवंटात पकडले गेल्यावर ते दोन वर्षं इटलीत कैदी होते. तिथले पहारेकरी कैद्यांना याच शब्दाने हाक मारत. अर्थ किळसवाणा. सुटून आल्यावर ते खामगावात कापसाच्या एका जिनिंगवर चौकीदार झाले. मी शाळेत व्याकरण शिकवायचो आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायचो.

“मास्तर, आपल्यावानीच हाय,” ते म्हणत. “माणूस असन तं स्किफोसो, बाई असन तं स्किफोसा. लय माणसं असले तं स्किफोसी, बायका असल्या तं स्किफोसे.”

“घाणेरडा, घाणेरडी, घाणेरडे, घाणेरड्या,” मी म्हणालो. ते खूश झाले.

“पण ते लोकं पह्यले वस्तू सांगतेत, मंग शिवी देतेत.” हॉटेलातला पोऱ्या चार ग्लासांत चार बोटं बुडवून आला, की हवालदार मान फिरवत. “चहा स्किफोसो!”

एकदा जिनिंगच्या मालकाकडे लग्नाची पंगत होती. हवालदार आणि मी शेजारी जेवायला बसलो होतो. मागच्या दारी गल्ली झाडणारी बाई पदर पसरून उभी होती. वाढप्याने उष्ट्या पत्रावळीतला कढीत भिजलेला भात आणि चावलेली बुंदी तिच्या पदरात पालथी केली. कढी तिच्या पायांवर ओघळली. पंगत हसली.

हवालदार आपली हात न लावलेली पत्रावळ उचलून उठले.

“काऊन उठले हो?” मालक म्हणाले. “हे तं नेहमीचंच हाय.”

“तिले देऊन राह्यलो.”

“राहू द्या बाप्पा,” बाई पुटपुटली. “उद्यापासून हेबी भेटणार नाही.”

त्यांनी पत्रावळ तिच्या हातात दिली, वळून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, “स्किफोसी!”

अनेकवचन, पुल्लिंगी. तिथे ते एकट्या मला कळलं. माझ्या तोंडात बुंदी होती. मी ती गिळली. आजही आठवलं की स्वतःचीच शिसारी येते.

आठवड्यात त्यांची नोकरी गेली. भावाकडे सोनाळ्याला निघाले, तेव्हा मी एसटी स्टँडवर गेलो.

“मी उठायला हवं होतं,” मी म्हणालो.

“हाव. उठाच लागत होतं.”

माझी समजूत घालायला ते आणखी काही बोलतील म्हणून मी खिडकीपाशी थांबलो. गाडी सुटली.