शून्याशी वैर

आमच्या ह्यांना शून्याचं वावडं आहे. नाव खंडेराव, राहणार मखमलाबाद, धंदा झेंडू-शेवंतीचा, वय अठ्ठावन्न, अक्कल अजून यायची आहे. दहा हार मागा, अकरा देतील. आहेराच्या पाकिटात वर एक घालतात, ते सगळेच घालतात, त्याचं काही नाही. पण टीव्हीचा आवाज वीसवर आला की एकवीस करायचा, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय? एकदा हरभरे शिजत होते. मी म्हटलं, दहा शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. दहावी झाली आणि सिलिंडर संपलं. तर हा माणूस अकराव्या शिट्टीसाठी कुकर घेऊन शेजारणीकडे गेला!

"शून्यावर थांबू नाय," म्हणतात. "बरकत जाती."

आता योगिनीचं सांगते. योगिनी म्हणजे माझ्या दिराची, चिमाजी भाऊजींची मुलगी. अंबडची कंपनीतली नोकरी सोडून हिनं लहान मुलांना प्रोग्रामिंग शिकवायचा क्लास काढला. भाऊजी असे तापले की विचारू नका. शेवटी म्हणाले, "रविवारी मारुतीच्या सभामंडपात लोकांना दाखव काय शिकवतेस ते. पोरं आली तर ठीक. नाही आली तर सोमवारी गुपचूप अंबडला जायचं, मी साहेबांशी बोललोय." पोरीचं तोंड एवढंसं झालं.

मग तिनं डोकं लढवलं. म्हणाली, "काका, तुम्ही माझे पहिले विद्यार्थी. तुम्हाला जमलं तर कोणालाही जमेल." ह्यांना तो मान वाटला. घ्या!

खेळ मोबाइलवरचाच, अगदी पहिलीतल्या मुलांचा वाटावा असा. एक बेडूक, एक बंद दार आणि दारावर दिव्यांची ओळ. उजवीकडचा दिवा एकाचा, त्याच्या डावीकडे दोनाचा, मग चाराचा, मग आठाचा. सहा म्हटलं की चाराचा आणि दोनाचा लावायचा, बाकीचे बंद. दिवे बरोबर लागले तर दार उघडतं, चुकले तर बेडूक डबक्यात. पण दिवे आपण हातानं लावायचे नाहीत. आकड्याला दोननं भागत राहा, उजवीकडून एकेक दिवा घे, बाकी एक उरली तर तो लाव, शून्य उरली तर बंद ठेव, असे हुकूम पडद्याच्या खालच्या पट्टीतून ओढून एकाखाली एक लावायचे. झेंडू तोडता तोडता हे पुटपुटायचे, "भाग दोननं, बाकी बघ..." मला वाटलं, माणूस गेला कामातून. पण शनिवारी बेडूक प्रत्येक वेळी दारातून आत गेला, मी स्वतः पाहिलं.

रविवारी मंडप भरला. भाऊजी पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. भिंतीवर प्रोजेक्टरनं मोठ्ठा केलेला बेडूक. कोणीतरी ओरडलं, "सात!" बेडूक आत. "तेरा!" आत. टाळ्या. ह्यांनी टोपी सारखी केली.

"आठ!"

बेडूक डबक्यात.

"सहा!" डबक्यात. "दहा!" पुन्हा डबक्यात, आणि ह्या वेळी तर पोरांनी आवाजसुद्धा काढला. भाऊजी खाकरले.

योगिनी काही घाबरली नाही, निदान दाखवलं तरी नाही. म्हणाली, "थांबा, चूक शोधू या. कोणते आकडे चुकतायत?" पिंपळगावला टेम्पो चालवणाऱ्या पुंजाभाऊंचा आयुष म्हणाला, "ताई, जोडीचे, म्हणजे सम आकडे, सगळे चुकतायत. आठ सांगितले की नऊचे दिवे लागतात. सहाला सातचे."

एक जास्त! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी सगळ्यांदेखत ओरडले, "अहो! काय घातलंत त्याच्यात?"

"काय नाय," हे म्हणाले. "सकाळी आठ घालून बघितलं तर उजवीकडचा शेवटचा दिवा बंद. देवाच्या दारात, पोरीचा पहिला दिवस, अन् शेवट शून्यावर? म्हणून खाली एक ओळ टाकली. शेवटचा दिवा बंद असंल तर लाव."

मंडपात हसण्याचा नुसता कल्लोळ. भाऊजी उठले. "झाली शोभा? उद्या अंबड."

योगिनी बापाकडे बघेचना. ती ह्यांच्या शेजारी खाली बसली. "काका, आपण फक्त बाकी बघत होतो, हे 'दिवा बंद असेल तर' मी तुम्हाला शिकवलंच नव्हतं. तुम्ही स्वतः शोधलंत?"

"खालच्या बाजूला होतं. वढून आणलं."

"ओळ अगदी बरोबर लावलीये. फक्त बेडकाला वरचा एक नकोय, त्याला आठच हवेत. काढायची का?"

ह्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "काढली तर तुझं वाईट व्हायचं नाय ना?"

काय बोलावं ह्या माणसाला! आयुष्यभराचा हट्ट, आणि इथं तो पोरीसाठी धरून बसला होता. मला राग यायला हवा होता, पण रडूच आलं.

"नाही होणार, काका."

ह्यांनी डोळे मिटले आणि बोटानं ती ओळ पुसली. "आठ!" सगळा मंडप ओरडला. एक दिवा लागला, तीन बंद राहिले, आणि बेडूक दारातून आत.

पुंजाभाऊ पुढं आले. "ताई, आमच्या आयुषचं नाव लिवा. लय चुकतो तो. घरी आम्ही बी हसतो, शाळेत बी हसतात. तुम्ही काकांवर हसला नाय."

मग रांगच लागली. एवढी, की मागचे पुढच्यांना रेटायला लागले. आणि रांगेच्या कडेला हात पसरून कोण उभं? आमचे भाऊजी.

"ए, ढकलू नका," ते ओरडत होते, "माझी पोरगी सगळ्यांना घेणार आहे!"