आंदणातला मोर

फौजीकाका आमच्या घरी आले की आधी पाण्याच्या पितळी गुंडाला, म्हणजे घागरीला, नखानं टिचकी मारत, आवाज विरेपर्यंत ऐकत आणि म्हणत, "चला, निघतो." बसा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसून काय करू?" असा पायाला भिंगरी लावलेला एक माणूस तुमच्याही गल्लीत असेल. बालाघाटात आमच्या शेजारी हे होते. मला त्यांचा जितका वैताग यायचा तितकाच लळाही होता.

त्यांच्या घरी तोफगोळ्याचं एक रिकामं पितळी नळकांडं होतं. लढाईत, तोफा थांबल्या की त्यांचा जोडीदार खिळ्यानं ठोकठोकून त्यावर मोर काढत बसे. लेकीच्या आंदणात द्यायला. आंदणात पितळेचं भांडं तर हवंच ना. जोडीदार परतला नाही. नळकांडं काकांनी आणलं.

त्याची लेक उकव्याला दिलेली. तिचं लग्न झालं, लेकरू झालं, तरी नळकांडं इथंच. काका ते पिशवीत घालून बसस्टँडवर जात आणि तसेच परत येत. "पुढच्या सोमवारी पक्का जातो." एकदा मी चिडूनच विचारलं, "काहून परत येता हो?"

"पोरगी विचारीन ना, बाबा कसा गेला म्हणून. काय सांगू तिले?"

मग सगळी तगमग त्या पितळेवर. रोज चिंच आणि विटेची भुकटी. काकू करवादत, "अजून किती घासता? सोन्याचं होणार हाय का थे?"

"पोरीले काय काळं भांडं देऊ?"

एका सकाळी ते नळकांडं घेऊन माझ्या दारात आले. "पाय बरं, कसं चमकून राह्यलं."

चमकत होतं खरं. पण पिसाऱ्याचे ठिपके झिजून सपाट झाले होते. मोराची नुसती मान उरली होती. त्यांच्या अधू डोळ्यांना ते दिसलंच नव्हतं.

"काका, पिसारा गेला."

त्यांनी अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. ते वळले आणि तसेच अनवाणी उकव्याच्या बसकडे निघाले.

गेल्या हिवाळ्यात काका वारले. नंतर उकव्याला काम निघालं, तेव्हा त्या लेकीचं घर विचारत गेलो. देव्हाऱ्याशेजारी नळकांडं होतं, पार काळवंडलेलं.

"घासत नाही का?"

"काकाच सांगून गेले, हात लावू नको म्हणे. राह्यला तेवढा राहू दे."

"आणि बाबांचं? विचारलंस त्यांना?"

"मले विचारा लागलंच नाही. काका आपणच सांगत होते." तिनं दाराजवळच्या खाटेकडे पाहिलं. "दिवे लागेपर्यंत इथंच बसून होते."