तानाजीकाकांची डुलकी

तानाजी वाघचौऱ्यांना डुलकी लागली, की कॉम्प्युटर बरा झाला असं समजायचं. मानपाड्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे, नवीन गिऱ्हाईक तेवढं दचकतं. मशीन जोडून झालं की काका शेजारी खुर्ची ओढतात, हात पोटावर बांधतात आणि गप्प बसतात. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मान हळूच खाली गेली, म्हणजे आतल्या पंख्यांचा आवाज सरळ लागलाय. जागेच राहिले, तर उठून पुन्हा स्क्रू काढायला घेतात.

"काका, रिपेरिंगला आलात की पाहुणचाराला?" एकाने विचारलेलं.

"मी नाय झोपत रे," काका म्हणाले, "आवाज झोपवतो."

हा आवाज लहानपणापासून त्यांच्या कानात आहे. त्यांचे वडील आबा, म्हणजे राघो वाघचौरे, भिवंडीत मागावर होते. आठ वर्षांचा तानाजी दुपारी त्यांचा डबा घेऊन जायचा. आत चाळीस माग एका दमात खडखडत असायचे आणि हवेत कापसाचा तूस तरंगत असायचा. वरच्या झरोक्यातून उन्हाचा पट्टा आला की तो तूस सोन्यासारखा दिसायचा, पट्ट्याबाहेर गेला की धुकं. त्या धुक्यातून वडील चालत यायचे. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या. सकाळी काळ्या केसांनी घरातून निघालेला माणूस दुपारी म्हातारा होऊन समोर उभा! ते जेवेपर्यंत पोरगं सुताच्या बाचक्यावर आडवं व्हायचं आणि त्या गोंगाटात चक्क झोपी जायचं. एखादा माग जरा वाकडा बोलू लागला, की मात्र त्याला जाग यायची.

"कुठला रे?" वडील घास हातात धरून विचारायचे.

तानाजी डोळे न उघडता बोट दाखवायचा. बोट चुकलं, असं कधी झालं नाही.

पुढे माग बंद पडले. तानाजी जळालेल्या विजेच्या मोटारींत तार भरायला शिकला, मग पंखे, मिक्सर, आणि गेली वीस वर्षं कॉम्प्युटर. मागातली एक लाकडी कांडी, ज्यावर सूत गुंडाळतात ती, अजून त्यांच्या पिशवीत असते. तिचं एक टोक मशीनला लावायचं, दुसरं कानाला. पोरं हसतात. काकाही हसतात आणि कांडी काही काढत नाहीत.

भाद्रपदातल्या एका शनिवारी सकाळी ते मुळ्यांच्या तिसऱ्या मजल्यावर चढत होते, तर ऐश्वर्या मुळ्ये जिन्यातच उभी. दार मागे लोटून घेतलेलं.

"काका, आत जायच्या आधी सांगते. आईसमोर नको."

"सांग."

"मी घरून काम करते. बिल्डर लोकांना फ्लॅट बांधायच्या आधी फ्लॅटचं चित्र लागतं ना, सोफा-बिफा, खिडकीतून ऊन, ते मी करते. एकेक चित्र पूर्ण करायला मशीन चार-चार तास एकटं राबतं. आणि दीड-दोन तास झाले की फट्! स्क्रीन काळा. एरवीपण पडतो मधेच, मेल लिहिताना."

"कोणी बघितलेला?"

"दोघांनी. पहिल्याने सगळं पुसून नव्याने भरून दिलं. दुसऱ्याने बाजूचं झाकण काढलं, ब्लोअर मारला आणि म्हणाला, नवीन घ्या. आता आमचे साहेब, नयन सर, म्हणतात, आज सहापर्यंत चित्र आलं नाही तर सोमवारपासून घोडबंदरला ऑफिसात येऊन बस."

"मग जायचं. लोक जातातच की."

ऐश्वर्याने दाराकडे पाहिलं. आवाज आणखी खाली आणला.

"मार्चमध्ये एक दिवस गेलेले मी. संध्याकाळी आई घरी नाही. कल्याणच्या एसटी स्टँडवर सापडली. म्हणाली, बाबांची गाडी यायचीय. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, काका. मी घरात असले, माझा आवाज तिच्या कानावर असला, की ती अगदी छान असते."

 काकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि ते आत गेले.

आत तिच्या आई, शीलाताई मुळ्ये, बसल्या होत्या. ऐश्वर्याच्या टेबलाखाली सीपीयूचा डबा होता आणि त्याला अगदी खेटून, त्याच्या तोंडासमोर, त्यांचा पाट. मांडीवर कापूस, शेजारी परडी. कापसाचा बारीक पेळू ओढायचा, बोटाला किंचित दूध लावायचं, तळहातावर तळहात फिरवायचा, की वात तयार. डब्यावरचा निळा दिवा त्यांच्या बोटांवर पडत होता, आणि वाती निळ्या होऊन परडीत जात होत्या.

"या, तानाजीराव. बसा. चहा ठेव गं ऐशू."

"मावशी, किती झाल्या?"

"बासष्ट हजार चारशे. लाख वाती लावायच्या आहेत. त्रिपुरीला एकदम उजळायच्या, ह्यांच्या नावानं."

"आणि रोज हितंच बसता?"

"मग कुठे बसू? स्वयंपाकघरात भिंतीशी बोलू? हिचं काम चालतं, माझं काम चालतं. ही फोनवर इंग्रजीत भांडते, मला काही कळत नाही, पण बरं वाटतं."

"आई!"

"भांडतेस की. परवा त्या ऑफिसातल्या सुश्रुतला काय काय बोललीस."

काका गुडघ्यांवर बसले. कांडी डब्याला लावली, कानाला लावली, डोळे मिटले.  चहा आला, त्यावर साय आली.

"काय म्हणतोय?" ऐश्वर्याने विचारलं.

"तोंडावर उशी ठेवल्यासारखा श्वास घेतोय. हे कधीपासून?"

"जुलैपासून."

"तारीख नको. घरात काय चाललेलं तेव्हा?"

"आषाढीला मी वातींना सुरुवात केली, त्यानंतर पंधरा दिवसांतच पहिल्यांदा बंद पडला तो," शीलाताई सहज म्हणाल्या. "मला आठवतं, ही किंचाळली आणि माझी मोजणी चुकली."

काकांनी डोळे उघडले. परडीकडे पाहिलं. मग वायरी काढल्या, डबा गॅलरीत नेला, झाकण उघडलं. वरवर सगळं स्वच्छ होतं, दुसरा रिपेरवाला ब्लोअर मारून गेलेलाच होता. पण त्यांनी प्रोसेसरवरचा पंखा काढला, जो दुसऱ्याने काढला नव्हता. पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या असतात, उष्णता त्यांच्यातून निघून जाते. पात्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर पांढुरका, मऊ, घट्ट थर बसला होता. जाजम विणावं तसा.

काकांनी ब्रश लावला. थर सुटला आणि तूस उडाला. भाद्रपदाचं ऊन तिरपं गॅलरीत येत होतं. तूस त्या उन्हात गेला, सोन्याचा झाला, पुढे सरकला, धुकं झाला. काका ब्रश तसाच धरून राहिले. खाली कुठेतरी रिक्षा वाजत होती, ती चाळीस मागांसारखी वाजू लागली. समोर खिडकीच्या काचेत कोणीतरी उभं होतं. भुवया पांढऱ्या, मिशा पांढऱ्या, डब्याची वाट बघणारा रिकामा हात.

"आबा," ते म्हणाले.

"काय काका?"

"काय नाय. फडकं दे."

ऐश्वर्या फडकं घेऊन आली आणि तिला तो थर दिसला. तिने तो चिमटीत धरला, चुरगळला, मागे वळून आईच्या परडीकडे पाहिलं. चेहरा उतरला. तिने काकांना हाताने खूण केली: नको. सांगू नका.

तेवढ्यात आतून शीलाताई. "काय निघालं हो? उंदीर?"

ऐश्वर्या घाईने म्हणाली, "धूळ गं. नुसती धूळ."

काका फडक्याने हात पुसत होते. राघो वाघचौरे खोकायला लागले तेव्हा मागाचा मालक म्हणाला होता, कापूसच तो, त्यानं काय होतंय? सगळे तसंच म्हणत राहिले, पार शेवटपर्यंत. राघो एक्कावन्नाव्या वर्षी गेले. तेव्हापासून तानाजीकाकांना एक गोष्ट जमत नाही. तूस समोर असला, की त्याला धूळ म्हणता येत नाही.

ते आत येऊन शीलाताईंसमोर बसले आणि थर त्यांच्या हातावर ठेवला.

"मावशी, तुमच्या वाती निघाल्या."

शीलाताईंनी तो उलटा-सुलटा केला. "हा कापूस? आत कसा गेला?"

"ह्याचं तोंड तुमच्याकडं. तोंडानं हवा ओढतो. तुम्ही पेळू ओढता, तूस उडतो, तो खातो. मग गुदमरतो, तापतो. फार तापला की जळू नये म्हणून आपला आपण बंद होतो."

"म्हणजे... माझ्यामुळे? हिची नोकरी..." त्या मुलीकडे बघू लागल्या. "सोमवारचं ते फोनवर चाललेलं, ते ह्याच्यामुळे? मला इंग्रजी कळत नाही, पण मंडे कळतं गं."

"आई, तसं नाही."

शीलाताई उठल्या. परडी उचलली, पाट काखेत मारला. "मी आत बसते. दार लावून घेते. तू कर तुझं काम."

ऐश्वर्या काकांकडे बघत राहिली, हेच नको होतं मला, अशी.

"मावशी, पाट खाली ठेवा," काका म्हणाले.

"अहो, पण..."

"ठेवा तर. सरकायचं मशीननं. माणसानं कशाला?"

मग तासभर त्या घरात सामानाची सरकवासरकव चालली. पात्या धुऊन-पुसून लख्ख झाल्या, प्रोसेसरवरची वाळून खडूसारखी झालेली पेस्ट खरवडून नवीन लागली. सीपीयूचा डबा टेबलाखालून निघाला आणि दुसऱ्या बाजूला एका बुटक्या स्टुलावर चढला, तोंड गॅलरीकडे, पाठ शीलाताईंच्या पाटाकडे.

"जुनं मलमलचं काही आहे?" काकांनी विचारलं.

शीलाताई कपाटातून एक धोतर घेऊन आल्या. मऊ, पिवळट पडलेलं. "ह्यांचं आहे. चालेल?"

"चांगलं असंल ते. कापायचंय पण."

शीलाताईंनी धोतराची घडी उलगडली आणि स्वतःच कात्री लावली. तो तुकडा काकांनी डब्याच्या तोंडावर ताणून इलॅस्टिकने बसवला. दर गुरुवारी काढायचा, धुवायचा, वाळवून परत लावायचा.

"हे काम माझं," शीलाताईंनी ऐश्वर्याला बजावलं. "तू विसरशील."

दीड वाजता चित्र सुरू झालं. स्क्रीनवर एक रिकामी खोली होती, तिच्यात कणाकणाने ऊन उतरत होतं. शीलाताई डब्याच्या पाठीसमोर पाटावर बसल्या आणि दचकल्या.

"अगंबाई! इथून गरम वारा येतोय. गुडघ्यांवर."

"येणारच. ह्या बाजूनं तो सोडतो. ह्या ओल्या हवेत गुडघे धरत असतील ना?"

"किती धरतात म्हणून सांगू!" त्यांनी पदर सारखा केला, पाय लांब केले आणि पेळू ओढला. उडालेला तूस गरम वाऱ्याने दूर भिंतीकडे गेला.

अडीच वाजले. ऐश्वर्या कोपऱ्यातल्या तापमानाच्या आकड्यावर डोळे लावून होती. "सत्तर. काका, एकाहत्तर झाला."

"असू दे."

"याआधी नव्वदच्या वर गेला की फट् व्हायचा."

"मग नव्वद झाला की सांग."

पण काका टक्क जागे होते. ते पाहून तिने खुर्ची स्क्रीनच्या आणखी जवळ ओढली. त्यांनी कांडी लावली, काढली. उठले, स्टुलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली. डबा किंचित थरथरत होता, तो थांबला. पुन्हा खुर्चीत बसले. हात पोटावर.

साडेतीन झाले. इथवर ते मशीन कधी पोचलं नव्हतं.  शीलाताईंचे ओठ हलत होते, त्रेपन्न, चोपन्न, पंचावन्न. पंखे एका सुरात फिरत होते. आकडा बहात्तरला येऊन थबकला होता. चित्रातलं ऊन सोफ्यावर आलं.

"ऐशू," शीलाताई कुजबुजल्या. "बघ."

तानाजीकाकांची मान खाली गेली होती.

साडेपाचला खोली उन्हाने भरली आणि चित्र पूर्ण झालं. ऐश्वर्याने ते पाठवलं, फोन लावला आणि गॅलरीच्या टोकाला जाऊन कुजबुजली. "सर, मिळालं ना? सोमवारपासून घरूनच करते मग... हो सर. हळू बोलतेय कारण घरात काका झोपलेत... नाही, नाही, बरे आहेत. कॉम्प्युटरवाले काका."

शीलाताई परडी बाजूला ठेवून उठल्या. काकांच्या डाव्या भुवईवर सकाळचा तूस अजून तसाच होता. त्यांनी वाकून तो दोन बोटांनी हलकेच उचलला.

काका जागे झाले नाहीत. ओठ तेवढे हलले.

"कुठलाच नाय, आबा," ते म्हणाले. "सगळे सरळ आहेत."