दूधवालीची सुट्टी

वाईत आमच्याकडे दूध घालणारी बाई कधी बसायची नाही. एक पाय पायरीवर, किटली हातात, बोलणं उभ्यानंच. मी तेव्हा कचेरीत नुकती कायम झालेली. तोरा असा, की जणू तालुका मीच चालवते. एका संध्याकाळी तिला ऐकवलं, "माझा भाऊ जर्मनीत असतो. तिथं पाचला काम संपतं, शनिवारीही सुट्टी. तरी ती पूर्णवेळ नोकरी."

"मग माजी किती येळाची म्हनायची, ताई?"

मी तिचे पहाटेपासूनचे तास बोटांवर मोजू लागले.

"जरा जर्मनीत बसते," म्हणत ती पायरीवर टेकली आणि बसल्या बसल्या झोपलीच. मी उठवलं नाही.

अंधारताना तिचा नवरा शोधत आला. "आगं, म्हशीला वैरण कुनी टाकायची?"

तिनं किटली उचलली.

"संपली वाटतं जर्मनी, ताई."