साय की लोणी?

आमच्या शिरूरच्या घरातल्या पुढच्या खोलीला चार भिंती आहेत आणि त्यांतल्या कोणत्या भिंतीला कोणता रंग आहे, हे आजतागायत कुणालाही सांगता आलेलं नाही.

हा रंग लागला, तेव्हा मी रांजणगावच्या एका कंपनीत नुकताच पर्मनंट झालो होतो आणि मामांनी आणलेलं दौंडचं स्थळ मला पसंत पडलं होतं. पसंत कसलं, माझी झोपच उडाली होती! रविवारी मुलीचे वडील घर बघायला येणार होते. (मुलगा नव्हे, घर. मुलगा घराबरोबर फुकट मिळतो!) म्हणून पुढच्या खोलीला ऑईलपेंट द्यायचं ठरलं.

दुकानदारानं दोन रंग दाखवले. एक दुधावरच्या सायीसारखा, दुसरा लोण्यासारखा. मला दोन्ही एकच दिसत होते, पण हे बोलायची सोय नव्हती.

"सायीला उजेड हाय," आई म्हणाली.

"साय म्हंजी दवाखाना!" आबा उसळले. "लोणीच पायजे!"

शेवटी दोन्ही डबे आले. आबा चहाला बाहेर पडले, की आई पेंटरकडून भिंतीला साय लावून घ्यायची. आई भाजीला गेली, की आबा त्याच भिंतीवर लोणी चढवायचे. पेंटर दोघांनाही "व्हय" म्हणायचा. शनिवारपर्यंत रंगाचे इतके थर बसले, की खोली लहान वाटायला लागली!

मग तह झाला. दोन भिंती आईच्या, दोन आबांच्या. पण रविवारी सकाळी आबांनी स्वतःच ब्रश उचलला आणि आईच्या भिंतीवर चोरून लोणी फासायला घेतलं. भिंत निम्मी झाली आणि पाहुण्यांची जीप दारात!

"अरं, जोड दिसतोय," आई कुजबुजली. "तितं पाठ लावून उभा ऱ्हा!"

मी उभा राहिलो आणि नव्या शर्टासकट भिंतीला चिकटलो.

पोहे आले. मुलीचे वडील सहज म्हणाले, "रंग झ्याक हाय."

"कंचा?" आई आणि आबा एकदम.

"ह्यो... समोरचा."

"त्योच लोणी!" आबा फुलले.

"अवो, ती माझी भिंत हाय! ती साय!"

"पाव्हणं, आता तुमीच सांगा!"

दोघांनी त्या गृहस्थांना बशीसकट उठवलं आणि भिंतीभिंतीशी नेऊन उभं केलं. (ते रेल्वेत सिग्नलवर होते. लाल-हिरव्यापलीकडच्या रंगांशी त्यांचा संबंध आलेला नव्हता!) माझं लग्न डोळ्यांदेखत मोडत होतं आणि मला हलता येत नव्हतं. मला अक्षरशः रडू येत होतं. मी आपला हसत उभा होतो.

पाहुणे अर्धे पोहे टाकून निघून गेले.

संध्याकाळी मामा आले ते ओरडतच. "पसंत हाय! पाव्हणं म्हणलं, आई-बाप एवढं भांडलं, पर पोरगं जागचं हाललं न्हाई, का एक शबुद बोललं न्हाई. आमची पोरगी लई तापट हाय, तिला असाच नवरा पायजे!"

लग्न झालं. बायको भडकली, की मी आजही भिंतीला पाठ लावून हसत उभा राहतो. फरक इतकाच, की आता भिंत वाळलेली असते.